नुसता सल्ला, तरीही वचक

कॅलिफोर्नियातील ओकलंड-बर्कली परिसरातल्या मतदारांनी 1934 साली, महामंदीच्या ऐन तडाख्यात, स्वतःवर कर लादून घेत ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट हा सार्वजनिक उद्यान-जिल्हा उभा केला. डोंगरमाथ्यांवरची मोकळी जमीन त्यामुळे वाचली. या डिस्ट्रिक्टचा कारभार सात निवडून आलेले संचालक पाहतात, आणि त्यांना सल्ला द्यायला नागरिकांची समितीही आहे. तिला ठराव रोखता येत नाही, पैसा अडवता येत नाही. मग ती हवीच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. संचालक तर मतदारांना बांधील आहेतच. पण प्रत्येक संचालकासाठी मतदान चार वर्षांतून एकदाच होते, तर पायवाट कुठे काढायची, गुरे कुठे चारायची, वणव्याआधी कोणते रान विरळ करायचे, हे सतत ठरवावे लागते. 2018 साली मतदारांनी प्रत्येक स्वतंत्र घरामागे वर्षाला 12 डॉलरचा कर वीस वर्षांसाठी मान्य केला. तो पैसा कबूल केलेल्या कामांवरच जातो का, हे मधल्या काळात कोणी तरी पाहायलाच हवे.

समितीचे खरे बळ उघडेपणात आहे. कॅलिफोर्नियाच्या 1953 च्या ब्राउन कायद्यानुसार अशा सल्लागार समितीच्याही नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते आणि लोकांना बोलू द्यावे लागते. चारचौघांत नोंदवलेला सल्ला डावलणाऱ्या संचालकाला कारण विचारता येते. सदस्यांची नेमणूक संचालकांकडूनच होते, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. म्हणूनच मुदतीची मर्यादा आणि वेगवेगळ्या संस्थांकडून येणारी नावे यांचा आग्रह धरायला हवा.