बिअर आणि तळणाचा कुरकुरीतपणा

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान भट्टीत, थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर. पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली आणि ही बिअर महाराष्ट्रात रुजू लागली. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवतात. विकरांमुळे पिठुळाची साखर होते. हा गोड रस हॉप्सच्या फुलांबरोबर उकळला की त्यात कडवटपणा येतो. थंड झाल्यावर यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते.

हेच दोन घटक तळणात उपयोगी पडतात. पुणे जिल्ह्यातल्या उत्रोलीजवळच्या भाटघर जलाशयातल्या रोहूसारख्या माशाचे तुकडे तळायचे असल्यास एक वाटी मैदा, दोन चमचे तांदळाचे पीठ, हळद, तिखट आणि मीठ एकत्र करावे. तळण्यापूर्वी थंडगार गव्हाची बिअर घालून पीठ हलक्या हाताने कालवावे. गुठळ्या राहिल्या तरी चालतात. १८० अंशांच्या तेलात वायूचे बुडबुडे आवरण फुलवतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते आणि ग्लुटेनही कमी धरू देते, म्हणून कवच हलके, खुसखुशीत होते.

रश्श्यात मात्र फार कडू बिअर टाळावी. आटताना कडवटपणा दाट होतो. अर्धा तास शिजवूनही सुमारे एक तृतीयांश अल्कोहोल उरते. त्यामुळे मुले, गर्भवती आणि मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठी पिठात बिअरऐवजी सोडा वॉटरच वापरावे.