ढगांआडची मालाडची खाडी

जुलैत आभाळ भरले की साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला मालाड-मार्वेची खारफुटी दिसत नाही. रडारला दिसते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला ‘निसार’ हा इस्रो-नासाचा असाच संयुक्त रडार उपग्रह. दर १२ दिवसांनी तो त्याच मार्गावर परततो. पण टिपलेले उतरवायचे कुठे? हैदराबादजवळच्या शादनगरच्या अँटेनाला ध्रुवीय कक्षेतला उपग्रह दिवसात मोजक्याच वेळा, तोही काही मिनिटेच दिसतो. ध्रुवाजवळून मात्र तो प्रत्येक फेरीत जातो. म्हणूनच इस्रोचे भूकेंद्र अंटार्क्टिकात भारती तळावरही आहे आणि नासा अलास्का, स्वालबार्डच्या केंद्रांवर विसंबते. ही भागीदारी मला उपग्रहाइतकीच मोलाची वाटते. निसारची माहिती मोफत खुली करण्याचे धोरण आहे. मालाड खाडीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती मागता येईल.