परगांवाहून जुनी ट्रॉली घेतांना

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत बैल किंवा घोडें घेणारा आमच्या भागांतील शेतकरी जनावराचा जबडा उघडून दांत पाहिल्याखेरीज, चार पावलें चालविल्याखेरीज आणि खूर दाबून पाहिल्याखेरीज रुमालाखालीं हात घालीत नाहीं. तोच शेतकरी लाख-सव्वालाखाची जुनी ट्रॉली मात्र मोबाइलवरील चार छायाचित्रें पाहून पसंत करतो, आणि पलीकडच्यानें ‘दुसरें गिऱ्हाईक दारांत उभें आहे’ असें म्हटलें कीं दहा हजार रुपये विसार म्हणून त्याच क्षणीं पाठवून मोकळा होतो. आमच्याच गांवांतील एका गृहस्थाचे असे दहा हजार रुपये गेले. पैसे पोंचल्यावर तो मोबाइल कायमचा बंद झाला. ट्रॉली मुळांत होती कीं नव्हती, हेंहि त्यांस अद्याप कळलेलें नाहीं. अशा वेळीं लाजून घरीं न बसतां १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळविलें तर रक्कम वाटेंत अडविली जाण्याची आशा असते. ह्या गृहस्थांनीं आठ दिवस लाजण्यांत घालविले.

२०२५ च्या मे महिन्याच्या आरंभीं आमच्या घरींहि हाच प्रसंग उद्भवला. आमची अहमदपूर तालुक्यांतील शेती धाकटे बंधु पाहतात. शेणखत वाहण्यास, पुढें बीं-खत आणण्यास आणि सुगींत सोयाबीन बाजारांत नेण्यास ट्रॉली हवी होती; नव्या ट्रॉलीची किंमत झेपणारी नव्हती. ऊसपट्ट्यांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपला म्हणजे ट्रॉल्या मोकळ्या होतात, परंतु त्यांवर काढलेल्या कर्जांचे हप्ते मोकळे होत नाहींत; म्हणून उन्हाळ्यांत तिकडे विक्रीस ट्रॉल्या पुष्कळ. बंधूंनीं सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांतील एक चारचाकी, लोखंडी फाळक्यांची ट्रॉली छायाचित्रावरून हेरली. मागणी एक लाख दहा हजारांची होती. अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर. बंधु विसार पाठविण्यास बसलेच होते. आम्हीं त्यांचा हात धरला.

महसूल खात्यांत हयात घालविलेल्या माणसास एक खोड जडते. त्यास शेत दाखविलें तरी तो प्रथम सात-बारा मागतो. कित्येक बंधूंस ठाऊक नसतें कीं ट्रॉली ही नांगरासारखें अवजार नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणें ती स्वतंत्र वाहन आहे, तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक आणि नोंदणी पुस्तक असतें. आम्हीं विक्रेत्याकडून क्रमांक मागून घेतला आणि ‘एमपरिवहन’ ह्या सरकारी ॲपवर घातला. अकलूजच्या कार्यालयाचा, एम्. एच्. ४५ चा, तो क्रमांक खरा निघाला. परंतु मालकाच्या नांवाचीं जीं अर्धीमुर्धीं अक्षरें तेथें दिसतात, तीं विक्रेत्याच्या नांवाशीं जुळेनात. शिवाय एका बँकेचा बोजा नोंदलेला दिसला. विचारतां उत्तर आलें, “वडिलांच्या नांवावर आहे. ते वारले दोन वर्षांपूर्वीं. कर्ज केव्हांच फिटलें. त्यानें काय होतें?”

काय होतें, तें पुढें सांगतों. आधीं लोखंडाचें.

आम्ही दोघे एस्. टी. नें लातूर, बार्शी, टेंभुर्णी असे टप्पे करीत गेलों. सोबत एक जॅक, एक लहान हातोडी, सुतळीचा गुंडा आणि जुनें धोतर होतें, एस्. टी. च्या वाहकानें जॅककडे पाहून अर्धें तिकीट मागितलें, तो विनोद होता कीं नियम, हें आम्हांस कळलें नाहीं. ट्रॉलीस नुकताच तांबडा रंग दिलेला होता. विकावयाच्या ट्रॉलीस रंग देणें हा गुन्हा नव्हे. मात्र नव्या रंगाखालीं नवें वेल्डिंग लपतें हें ध्यानांत ठेवावें. धोतर अंथरून ट्रॉलीखालीं निजावें आणि जेथें दांडी चेसिसला जोडलेली असते तो सांधा प्रथम पाहावा. साऱ्या ओझ्याची ओढ तेथें येते. तेथें पट्टीवर पट्टी मारलेली किंवा केसासारखी बारीक भेग दिसली तर किंमत विचारूंच नये. दांडीच्या कडीचें भोंकहि पाहावें. तें झिजून लांबट झालें असेल तर पिन आंत खेळते आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला धक्के देते.

मग हातोडी. तळाच्या पत्र्यावर व चॅनेलांवर हळूहळू ठोकीत जावें. निरोगी लोखंड खणखणतें. गंजून पापुद्रे सुटलेलें लोखंड बद्द वाजतें. रासायनिक खत आणि कारखान्याची ओली मळी वाहिलेल्या ट्रॉलीचा तळ वरून धड दिसला तरी कोपऱ्यांत व जोडाखालीं खाल्लेला असतो. आमच्या ट्रॉलीचे मागचे दोन कोपरे असेच बद्द वाजले. विक्रेत्यानें तें आपणहि ऐकलें आणि कांहीं बोलला नाहीं. माणूस खोटा नाहीं अशी आमची खात्री तेथेंच झाली.

सुतळीनें चेसिसचे दोन्ही कर्ण मापावे. समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि त्याच्या उलट. दोन्ही मापें सारखीं आलीं तर सांगाडा काटकोनांत आहे. बोटभर फरक आला तर ट्रॉली कोठेंतरी उलटली आहे किंवा धडकली आहे, आणि ती सरळ न चालतां खेंकड्यासारखी चालेल. टायर एका कडेनेंच झिजलेले असले तरी हाच संशय घ्यावा, किंवा एक्सल वांकला आहे असें समजावें. जनावराचे दांत पाहतात तसे टायराचेहि पाहतां येतात. टायराच्या कुशीवर चार आंकडे उठविलेले असतात; त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात. २३१८ असें असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी भरपूर असली तरी सात-आठ वर्षें उन्हांत तापलेला रबर भरल्या ओझ्याखालीं केव्हां दगा देईल, सांगवत नाहीं. शेवटीं एकेक चाक जॅकवर उचलून हातानें फिरवावें आणि वर-खालीं हलवावें. खडखड आली किंवा चाक डोललें तर बेअरिंग गेलें.

आमच्या ट्रॉलीचें एक चाक डोललें. सांधे उत्तम, कर्ण सारखे, टायर मध्यम. अठ्ठ्याण्णव हजारांवर सौदा ठरला, आणि बंधूंनीं समाधानाचा सुस्कारा टाकला. येथून पुढचा एक महिना ते आमच्याशीं मोजकेंच बोलले.

विक्रेता आणि बंधु, दोघांचेंहि म्हणणें असें कीं पांचशेंच्या मुद्रांकावर नोटरीपुढें लिहून घ्यावें आणि ट्रॉली न्यावी. सगळे असेंच करतात. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत शंभराच्या मुद्रांकावर असेंच करीत, आतां पांचशेंच्या मुद्रांकावर करतात, एवढाच काय तो फेर. परंतु माल विक्री अधिनियम, १९३० चें तत्त्व साधें आहे: विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. मृत पित्याच्या नांवची ट्रॉली एकटा मुलगा विकूं लागला तर तो फार तर आपला हिस्सा विकतो. शिवाय नोंदणींतील नांव बदललें नाहीं तर नुकसान देणाराचेंहि होतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं वाहन विकून ताबा दिला तरी अपघाताच्या भरपाईसाठीं नोंदणींत ज्याचें नांव तोच मालक धरला जाईल. विक्रेत्यास आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो विचारांत पडला. आमच्या ट्रॉलीखालीं कोणी सांपडला तर नोटीस त्याच्या दिवंगत वडिलांच्या नांवें त्याच्याच दारीं जाणार होती.

म्हणून क्रम असा ठरविला. बँकेकडून कर्ज फिटल्याचें पत्र आणि बोजा उतरविण्याचा नमुना ३५. मग नमुना ३१ वर अर्ज करून ट्रॉली वारसाच्या नांवें. मग आमच्यासाठीं नमुने २९ आणि ३०. कायद्यानें मालकाच्या मृत्यूची वर्दी तीस दिवसांत देऊन तीन महिन्यांत नांव बदलून घ्यावयाचें असतें. येथें दोन वर्षें लोटलीं होतीं, तेव्हां विलंबाचा भुर्दंड त्यांचा, असें लिहून ठेविलें. (ट्रॉली परराज्यांतील असती तर तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखलाहि लागला असता, सरकारी अनुदानावर घेतलेली असती तर विक्रीवरील बंदीची मुदत संपली कीं नाहीं, हेंहि पाहावें लागलें असतें.) आम्हीं पांच हजारांचा विसार दिला, तोहि रोख न देतां बँकेंतून.

वारस किती, असें विचारतां विक्रेता म्हणाला, “मी, धाकटा भाऊ आणि आई.” बहीण नाहीं काय? “आहे, ती सही करील, तिचें काय!”

हें वाक्य आमच्या ओळखीचें होतें. नोकरींत फेरफाराच्या व हक्कसोडीच्या प्रकरणांत तें आम्हीं शेंकडों वेळां ऐकलें. मान खालीं घालून आलेल्या बहिणी बोट दाखवावें तेथें सही किंवा आंगठा करून जात. कागद पुरा झाला कीं आमचें काम पुरें होई. तिला कोणी विचारलें आहे काय, हें विचारण्यासाठीं आम्हीं लेखणी कधीं थांबविली नाहीं. ह्या वेळीं पैसा आमचा होता म्हणून सावधपणा सुचला, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणें मृत्युपत्र न करतां वारलेल्या पित्याच्या ट्रॉलींत पत्नी, मुलगे आणि मुलगी ह्यांचा हिस्सा सारखाच. आम्हीं अडून बसलों, आणि दुसऱ्या दिवशीं विक्रेत्यासह मोहोळ तालुक्यांत तिच्या सासरीं गेलों.

तिनें चहा ठेविला, कागद हातीं घेतला, सबंध वाचला. मग भावाकडे न पाहतां आम्हांस म्हणाली, “बाबा गेल्यापासून ही तिसरी सही. विचारायला घरीं आलेलीं माणसं तुम्हीच पहिलीं.” तिला हिस्सा नको होता. ट्रॉलीचे सारे पैसे आईच्या खात्यांत जावेत, एवढें कागदांत लिहा, तर संमति देतें, असें तिनें सांगितलें. भावाचा चेहरा उतरला. धाकट्याचें देणें त्यांतून भागवावयाचें त्याच्या मनांत होतें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. आमचे बंधु अंगणांत येरझारा घालीत होते. सौदा मोडतो कीं काय, ही चिंता त्यांच्या पाठीवरूनहि दिसत होती. अखेर विक्रेता म्हणाला, “लिहा.” आम्हीं तेथेंच ओटीवर बसून तो मजकूर घातला, आणि चौघां वारसांच्या सह्या घेतल्या.

मेच्या उत्तरार्धांतच पाऊस लागला. शेणखत उकिरड्यावर भिजूं लागलें तेव्हां बंधूंनीं भाड्याची ट्रॉली लावून तें शेतांत टाकलें, आणि प्रत्येक खेपेचें भाडें आमच्यासमोर मोठ्यानें मोजलें. तें बरोबरच होतें. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत वारसाच्या नांवचें नोंदणीपत्र आलें. बाकी रक्कम आईच्या खात्यांत धनादेशानें भरली आणि ताबा-पावतीवर दिनांकाबरोबर वेळहि लिहिली, कारण त्या क्षणानंतर जें कांहीं घडेल त्याची जबाबदारी आमची.

आपलाच ट्रॅक्टर नेला होता. ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक नव्हता, मागें परावर्तक नव्हते. म्हणून रात्रीं रस्त्यावर येणार नाहीं असें बंधूंस आधींच वदवून घेतलें. परावर्तक पट्ट्या टेंभुर्णीस लावल्या. दर तासानें थांबून चारहि चाकांच्या हबास हात लावून पाहिला. बार्शी सोडून येडशीचा घाट चढतांना डोलणाऱ्या चाकाचा हब हात ठेववेना इतका तापला. झाडाखालीं ट्रॉली सोडली, चाक उतरविलें. बेअरिंगाच्या गोळ्या निळ्या पडल्या होत्या. मालाने भरलेली ट्रॉली असती तर चाक निसटून दरीकडे गेलें असतें. बार्शीहून नवें बेअरिंग आणून बसवीपर्यंत दिवस मावळला, आणि ती रात्र आम्हीं घाटाच्या पायथ्याशीं ट्रॉलींतच काढली. तेथें बंधु महिन्यानंतर प्रथम मोकळेपणीं बोलले. विषय बेअरिंगाचा होता.

नमुने २९ आणि ३० चे अर्ज चौदा दिवसांच्या आंत घातले. ट्रॅक्टरच्या विम्यांत ट्रॉलीचा क्रमांक स्वतंत्रपणें लिहून घेतला. तो नसेल तर अपघातांत विमा कंपनी ट्रॉलीपुरतें अंग काढून घेऊं शकते. ट्रॉलींत माणसें बसवून लग्नाला किंवा यात्रेला नेणें विम्यांत बसत नाहीं, हेंहि घरांत सर्वांस सांगून ठेविलें. मागचे दोन बद्द वाजणारे कोपरे कापून नवा पत्रा मारला, त्यास साडेतीन हजार लागले. विक्रेत्यास तें सहज बोलण्यांत सांगितलें तेव्हां त्यानें बेअरिंगाचे पैसे न मागतां परत पाठविले. पाठवितांना ते आईच्या खात्यांतून नव्हेत, आपल्या पदरचे आहेत, असें त्यानें मुद्दाम कळविलें.