आठ्या गेल्या, अर्धशिशीही गेली?

बोटॉक्स अर्धशिशीवर चालतं, हा शोध लागला आरशासमोर! १९९२च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये विल्यम बाइंडर या प्लास्टिक सर्जनकडे आठ्या घालवायला येणारी मंडळी सांगू लागली, की डोकंही कमी दुखतंय. बाइंडरनी ते हसण्यावारी नेलं नाही.

बोटॉक्स ज्यापासून बनतं, ते मूळ विष भलतंच जहाल. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत ते खराब सॉसेजमधून माणसं मारायचं. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं (गडी कवीही होता) त्या सॉसेजचा अर्क चक्क स्वतःवर आजमावला आणि अगदी कमी मात्रेत याचं औषध होईल, असं १८२२मध्ये लिहूनही ठेवलं.

आता खरी गंमत चाचण्यांची. अधूनमधून डोकं धरणाऱ्यांवर हे औषध चाललंच नाही. मग महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकेदुखी असणारे १,३८४ रुग्ण घेतले. साधारण निम्म्यांना बोटॉक्स, उरलेल्यांना नुसतं सलाइन. २४ आठवड्यांनी बोटॉक्सवाल्यांचे दुखण्याचे दिवस २८ दिवसांमागे ८.४नं घटले. आणि सलाइनवाल्यांचे? ६.६नं! म्हणजे विषाची निव्वळ कमाई दोन दिवसांहूनही कमी. बाकीचं श्रेय सुईला, विश्वासाला आणि दुखणं आपसूक ओसरण्याला. त्यात आणखी एक गोम: ज्याचं कपाळ गुळगुळीत झालं, त्याला आपल्याला काय टोचलंय ते कळणारच. मग चाचणी ‘आंधळी’ कसली, असं टीकाकारांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. तरी ज्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य अंधाऱ्या खोलीत जातं, त्याला ते दोन दिवसही थोडे नाहीत.

२०१०मध्ये आधी ब्रिटननं आणि मग ऑक्टोबरात अमेरिकेनं परवानगी दिली.

एका बैठकीत टोचण्या किती? ३१! कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. सगळं मिळून १५५ युनिट, आणि दर १२ आठवड्यांनी पुन्हा तेच. स्नायू सैलावतात म्हणून आराम पडतो, असं आधी वाटायचं. आता तज्ज्ञांचा कल असा, की वेदनेची रसायनं सोडणाऱ्या मज्जातंतूंचीच वाट हे विष अडवतं. मान दुखणं, पापणी लोंबणं हे त्रास मात्र होऊ शकतात.

तेव्हा डोकं महिन्यातून दोन-चारदाच दुखत असेल, तर या वाटेला जाऊ नका. १५ किंवा त्याहून जास्त दिवस दुखत असेल, तर ब्यूटी पार्लर नव्हे, न्यूरॉलॉजिस्ट गाठा.