पॉइंट सोडला नाही

2019 साली स्वातंत्र्यदिन आणि राखी पौर्णिमा एकाच दिवशी आल्या होत्या. धाकटा भाऊ राखीसाठी पनवेलजवळच्या विचुंब्याला आमच्याकडे आला आणि मुक्कामाला राहिला, कारण त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’चं दुसरं पर्व आलं होतं. जेवणं आटोपून आम्ही दोघं बसलो ते आठही भाग संपवूनच उठलो. उजाडता उजाडता शेवट आला. नायक इन्स्पेक्टर सरताजसिंग बॉम्बसमोर, घड्याळातले आकडे उतरत चाललेले, आणि पडदा काळा. भाऊ दचकून म्हणाला, “लाइट गेली का गं?” डोक्यावर पंखा फिरत होता.

तेवढ्यात आप्पा उठून बाहेर आले. आमचे आप्पा मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची सगळी वर्षं पोलीस लाइनीतल्या खोलीत काढली आणि निवृत्तीच्या पैशांतून विचुंब्यात घर घेतलं. भातशेती मागे सरकत गेली तशा इथे इमारती उभ्या राहिल्या, आणि आयुष्य मुंबईत घालवलेली कितीतरी माणसं आप्पांसारखीच येऊन वसली.

“झालं का एकदाचं?” आप्पांनी विचारलं.

“झालं, पण कळलंच नाही. बॉम्ब फुटला की नाही, दाखवलंच नाही.”

“आणि तो सरदार? पळाला?”

“नाही. तिथंच होता.”

“मग त्यानं पॉइंट सोडला नाही,” आप्पा म्हणाले आणि दूध तापवायला आत गेले.

बंदोबस्तात जिथे उभं राहायचं ती जागा म्हणजे पॉइंट. बदली माणूस येईपर्यंत तो सोडायचा नाही. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. पण त्या पहाटे मला आप्पांचं बोलणं विषयाला सोडून वाटलं. सोळा भाग पाहिल्यावर मला हवं होतं ते साधं उत्तर: मुंबई वाचली का? तिसरं पर्व आलं नाही, त्यामुळे ते उत्तर कधीच मिळालं नाही. मधल्या वर्षांत मी ही मालिका आणखी दोनदा पाहिली, मूळ कादंबरी वाचली, आणि दर वेळी तो शेवट थोडा थोडा उलगडत गेला. त्याचाच हा मागोवा.

पहिलं पर्व 6 जुलै 2018 ला आलं. नेटफ्लिक्सची ती पहिली भारतीय मालिका. आमच्या घरात तिचं कौतुक वेगळ्या कारणानं होतं. जितेंद्र जोशी, राजश्री देशपांडे, गिरीश कुलकर्णी, नेहा शितोळे, पुढे दुसऱ्या पर्वात अमृता सुभाष, अशी आपली माणसं त्यात होती. आणि गोष्टीतले पोलीस आपापसात मराठी बोलत होते, मुंबईच्या पोलीस ठाण्यात बोलतात तशी. गणेश गायतोंडे हा गुंड इन्स्पेक्टर सरताजसिंगला फोन करून सांगतो की पंचवीस दिवसांत सगळे मरतील, फक्त त्रिवेदी वाचेल, आणि मग स्वतःला गोळी घालतो. इथून गोष्ट दोन काळांत धावते. एकीकडे गायतोंडेचं सबंध आयुष्य, दुसरीकडे सरताजचे पंचवीस दिवस. दुसऱ्या पर्वात गायतोंडेचा भाग अनुराग कश्यपने दिग्दर्शित केला आणि सरताजचा नीरज घायवानने. इतक्या पात्रांचा आणि काळांचा गुंता असल्यामुळे शेवटच्या भागात सगळ्या गाठी सुटतील अशी आस लागणं साहजिक होतं.

दुसऱ्यांदा पाहिली ती 2020 च्या टाळेबंदीत. या खेपेला मी भागांची नावं वहीत उतरवून घेतली. पहिल्या पर्वाचा पहिला भाग ‘अश्वत्थामा’, शेवटचा ‘ययाति’. दुसऱ्या पर्वाचा पहिला ‘मत्स्य’, शेवटचा ‘रॅडक्लिफ’. ‘ययाति’ या नावापाशी मी अडखळले. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही कथा मराठी घरांत मुरलेली आहे. बापाला शापानं आलेलं म्हातारपण मुलगा, पुरू, आपल्या अंगावर घेतो. म्हणजे बापाचं देणं मुलगा फेडतो. हे लक्षात आल्यावर मालिकेभर बापच बाप दिसू लागले. गायतोंडे सांगतो की त्याला तीन बाप होते: भिक्षुकी करणारा जन्मदाता, सोन्याच्या तस्करीत आणणारा सलीमकाका, आणि तिसरे, बॉम्बच्या कटामागचे गुरुजी. आणि सरताज ज्यांच्या सचोटीच्या आठवणीवर जगत असतो ते त्याचे वडील दिलबागसिंग, तेही एके काळी त्याच गुरुजींच्या वर्तुळात होते, हे त्याला उशिरा कळतं. ज्या बापासारखं व्हावं म्हणून तो धडपडला, त्याचीच सावली त्या बॉम्बवर पडलेली.

मग ‘रॅडक्लिफ’ का, तेही उमगलं. सर सिरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947 ला भारतात आले. या देशाशी त्यांचा आधी काही संबंध नव्हता. जेमतेम पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल दुभागणारी रेघ आखली, आणि ती जाहीर झाली 17 ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. विक्रम चंद्रा यांच्या 2006 च्या मूळ कादंबरीत या रेघेनं सरताजच्या आजोळाचे दोन तुकडे केले आहेत. त्याच्या आईची बहीण फाळणीच्या धामधुमीत तिकडेच राहते, आणि सीमेपलीकडचा शाहिद खान हा तिचाच मुलगा. सरताजला हे ठाऊक नाही. दोन मावसभाऊ सीमेच्या दोन बाजूंना उभे आहेत, आणि दोघांनाही नातं माहीत नाही. मालिकाही शेवटच्या भागात गोष्ट फाळणीपर्यंत मागे नेते. प्रदर्शनाला 15 ऑगस्टचा मुहूर्त का, हेही मला तेव्हा कळलं.

आता बॉम्बकडे पुन्हा पाहू. तो निकामी करायचा तर ठिपके जोडून नेमका नमुना काढावा लागतो, आपण मोबाइलचं कुलूप उघडतो तसा. प्रयत्न मोजकेच. मला त्या नमुन्यात रॅडक्लिफचीच रेघ दिसते. एका माणसानं नकाशावर घाईनं रेघ ओढली, त्यातून वैर जन्मलं, ते बापाकडून मुलाकडे आलं आणि अखेर बॉम्ब होऊन बसलं. आता त्याच वारशातल्या एका मुलाला उलट दिशेनं रेघ ओढून ते सोडवायचं आहे. जमेल का? मालिका इथेच थांबते. उत्तर द्यायचं तर एकतर हे वैर सुटतं म्हणावं लागेल, नाहीतर सुटत नाही. 2019 मध्ये यातलं काहीही छातीठोकपणे म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि आजही ठरेल. अमेरिकेत 10 जून 2007 ला ‘द सोप्रानोज’ ही मालिका अशीच एका काळ्या पडद्यावर संपली. तिथेही लोकांना घरातली केबल बंद पडली असं वाटलं, आणि नायक जगला की मेला हा वाद अजून चालू आहे. पण तिथे प्रश्न एका माणसाचा होता. इथे प्रश्न एका शहराचा होता, आणि त्या शहरात माझी माणसं रोज जात होती.

विचुंब्यात बसून तो शेवट पाहणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझा नवरा पनवेलहून हार्बरनं सीएसएमटीला जातो. एका बाजूनं सव्वा तासाहून जास्त प्रवास. आमच्या जिन्यावरची निम्मी घरं अशीच. मुंबईत काही झालं की या इमारतींमध्ये सगळे फोन एकदम वाजायला लागतात. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा आम्ही लाइनीतच होतो. आप्पा ड्यूटीवर होते आणि फोन लागत नव्हते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, गणवेश न उतरवता पाटावर बसले आणि आईनं वाढलेलं मुकाट्यानं जेवले. कुठे होतात, काय पाहिलंत, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढेही नाही.

म्हणून काटेकर आमच्या घरचा होता. जितेंद्र जोशीनं उभा केलेला तो हवालदार साहेबांची चेष्टा करतो, घरी बायकोशी भांडतो, त्याच्यातही कुरूप पूर्वग्रह आहेत, आणि तरी सरताजची साथ सोडत नाही. तो पहिल्याच पर्वात मारला जातो. आप्पांना मालिकेतल्या शिव्या आणि बाकीचं सगळं सोसण्यासारखं नव्हतं. मी त्यांना फक्त काटेकरचे प्रसंग लावून दाखवले होते. तो मेला तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, “पोरं किती होती त्याला?” माझ्या मते मालिकेचा शेवट तिथूनच सुरू होतो. मोठमोठ्या बापांच्या या गोष्टीत काटेकर हा एकच साधा बाप आहे. त्याच्या मुलाच्या वाट्याला पोरकेपण आलं, पण त्याच्यापर्यंत कुणाचं वैर पोचू नये, एवढं करणं सरताजच्या हाती होतं. तो बॉम्बसमोर थांबतो तेव्हा मला काटेकरची बायको शालिनी आणि तिचं घर आठवतं.

कादंबरी मी सगळ्यात शेवटी वाचली, आणि तिथे मला मोठा धक्का बसला. चंद्रा यांच्या पुस्तकात मुंबई वाचते. बॉम्ब वेळेत सापडतो, आणि त्यानंतरही पुस्तक पुष्कळ पानं चालतं. शहराला आपण कशातून वाचलो याचा पत्ताही नसतो. अगदी शेवटी सरताज नेहमीसारखा पोलीस ठाण्यात जातो आणि कामाला लागतो. मालिका अंधारात संपते, कादंबरी एका साध्या दिवसाच्या सुरुवातीला. आधी वाटलं, मालिकेनं मूळ शेवट मोडला. आता वाटतं, दोन्हीकडे सरताज एकच गोष्ट करतो. निकाल हाती नसताना आपल्या जागेवर राहतो. कादंबरीत त्याचं फळ दिसतं, मालिकेत दिसत नाही. उभं राहणं मात्र दोन्हीकडे तेच.

आणि तेव्हा आप्पांचं ते वाक्य मला नीट ऐकू आलं. हवालदाराला सबंध कट कधीच कळत नसतो. सोळा भागांची गोष्ट त्याला कुणी सांगत नाही. त्याला एक चौक, एक फाटक, एक वळण दिलेलं असतं. पलीकडे काय होणार हे ठाऊक नसताना तो तिथे उभा असतो. 2006 च्या त्या दुपारी आप्पा ज्या शांतपणे जेवले, त्यामागे हेच असणार. आम्ही बॉम्ब फुटला का विचारत होतो. आप्पांनी त्यांना ज्याची पारख होती तेवढंच विचारलं होतं.

आप्पा आता थकलेत. तरी सकाळी सहाला गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. खाली शेअर रिक्षा भरत असतात, डबे घेतलेली माणसं स्टेशनकडे निघालेली असतात. माझा नवरा निघाला की आप्पा खुर्चीतून हात वर करतात, आणि संध्याकाळी तो परत दिसेपर्यंत गॅलरीचं दार लावू देत नाहीत.