वाइनचे मुरणे

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. जगातील बहुतेक वाइन काही वर्षांतच पिऊन संपवावी अशी असते. फ्रान्समधील बोर्दोजवळच्या मेदोक भागातील उत्तम तांबडी वाइन मात्र वीस-तीस वर्षे मुरू शकते. असे का व्हावे?

तेथे काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षे प्रमुख. दाणा लहान, साल जाड. सालीत व बियांत टॅनिन असते. फार उकळलेल्या चहाने जीभ आखडते, ती त्याचीच करणी. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष राहून वाइन बाटलीत जाते. बूच ओले राहावे म्हणून बाटल्या आडव्या, अंधारात, सुमारे १२-१३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. हळूहळू टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन बसतात. तुरटपणा मऊ होतो, जांभळट रंग विटकरी होतो, फळांच्या वासात देवदार व तंबाखूची छटा येते.

म्हणजे कोवळेपणी नकोसा वाटणारा तुरटपणाच पुढे वाइनला तारतो. मात्र सोबत आंबटपणा व फळाचा रस भरपूर हवा. नाहीतर रस ओसरतो नि तुरटपणा तेवढा उरतो.

चाखणारा प्याला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहतो, वास घेतो, घोट तोंडात घोळवतो आणि चव किती वेळ रेंगाळते हे ध्यानी घेतो. बाटली मुरली की नाही, हे उघडल्यावाचून नक्की कळत नाही. आणि उघडली की मुरणे संपले. म्हणून ज्यांना परवडते ते एकाच सालच्या डझनभर बाटल्या घेऊन काही वर्षांनी एकेक उघडतात. पहिल्या एक-दोन बहुधा घाईच्याच ठरतात.