वऱ्हाडातला हायड्रोजन

शाळेतला हायड्रोजन परीक्षानळीच्या तोंडाशी संपतो. जस्ताचे तुकडे, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, बुडबुडे, पेटती काडी, ‘फट्’ आवाज, की वाजली घंटा. 1766 साली हेन्री कॅव्हेंडिशने असाच खटाटोप करून हा एक निराळाच वायू असल्याचं दाखवलं. मुलं ‘रंगहीन, गंधहीन, ज्वलनशील’ एवढं घोकून मोकळी होतात. हे गुणधर्म आपल्या वऱ्हाडात कुठे कामाला लागलेत, ते मात्र वर्गात येत नाही.

अकोल्याहून शेगावकडे जाताना पारसचं औष्णिक वीज केंद्र लागतं. तिथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. एवढ्या मोठ्या जनित्राचा रोटर मिनिटाला 3,000 फेरे घेतो. तो हवेत फिरवला तर हवाच त्याला अडवणार, वर तापवणार. म्हणून अशा जनित्रांच्या कवचात हायड्रोजन भरतात. हवेपेक्षा तो चौदापट हलका, आणि उष्णता वाहून नेण्यात सुमारे सातपट सरस.

ज्वलनशील वायू आणि तोही विजेच्या यंत्रात? शंका रास्त आहे. पण जळायला ऑक्सिजन लागतो. हवेतलं हायड्रोजनचं प्रमाण 4 ते 75 टक्क्यांच्या मध्ये असेल तरच मिश्रण पेटतं. जनित्रात तो जवळजवळ शुद्धच ठेवतात. दाबही बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे गळती झालीच तर आतून बाहेर. भरताना आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा हाकलायची, मग हायड्रोजन सोडून कार्बन डायऑक्साइड. दुरुस्तीसाठी उघडताना उलट क्रम. हवेची आणि हायड्रोजनची गाठच पडू द्यायची नाही. परीक्षेत ‘फट्’चं कारण विचारतात, तो आवाज होऊच नये म्हणून केलेली ही तजवीज मला त्याहून जास्त शिकवणारी वाटते.

पूर्णेच्या खोऱ्यात हायड्रोजन आयनाच्या रूपात भेटतो. माती परीक्षणाच्या अहवालातला सामू म्हणजे या आयनांचंच माप, डॅनिश रसायनज्ञ सोरेनसेनने 1909 मध्ये बसवलेलं. आकडा एकाने चढला की आयन दहापटीने घटतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात साडेआठच्या वरचा सामू नवलाचा नाही, आणि लोणार सरोवराचं पाणी तर दहाच्या आसपास जातं. खरा दोष सोडियमचा. सामू नुसती चुगली करतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, वावरात पाणी मुरत नाही. प्रयोगशाळेत आम्लात फसफसून विरघळणारं जस्त अशा मातीत असूनही पऱ्हाटीच्या मुळांना मिळत नाही. जिप्सम टाकतात ते त्यातल्या कॅल्शियमने सोडियमला हुसकावं म्हणून.

वावरात टाकायच्या युरियातही हायड्रोजन असतो; त्याचा हिशेब मुलांनी वहीतच करावा. रेणुभार 60, त्यात हायड्रोजन 4. म्हणजे 45 किलोच्या गोणीत 3 किलो हायड्रोजन. आधी अमोनिया करताना साडेचार किलो लागतो, त्यातला दीड किलो पाण्यावाटे निघून जातो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात.

आता पाण्यातून वीज सोडून ‘हरित’ हायड्रोजन काढायचं घाटतंय; 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. एका किलोला निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं आणि पन्नासेक युनिट वीज. म्हणजे एका गोणीमागे चाळीस लिटर पाणी आणि सव्वादोनशे युनिट. पाण्याचं जमवता येईल. घोडं अडतं ते विजेच्या बिलापाशी.